पहिला हुशार माणूस
रोजनिशीतील पाने, झरी जामणी

२३ मार्च २०२५, रविवार

शिबल्याला जाऊन आलो. शिबला-पारडीचे काळे खांब पाहायचे बरेच दिवस मनात होते. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी त्यांच्याकडे लक्ष वेधल्यापासून अधूनमधून कुणी कुणी पाहायला येतात, फोटो काढतात आणि जातात. जवळून पाहिलं तर दगडाला बाजू आहेत. कुठे पाच, कुठे सहा. कडा अशा की सुताराने रंधा मारून ठेवाव्यात. एक आजोबा शेळ्या घेऊन आले, त्यांना विचारलं. म्हणाले, "कोन्या राजाचा वाडा होता गुरुजी. अर्धाच राह्यला."

वाडा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला आणि थंड होताना आकसला. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तशाच भेगा त्याला पडल्या, फक्त त्या वरून खाली खोल उतरत गेल्या आणि खांब सुटे झाले. ताण सगळीकडे सारखा असला की तीन भेगा एकमेकींना १२० अंशात भेटतात, म्हणून सहा बाजूंचा आकार जास्त दिसतो. घडवणारा कुणी नाही.

आजोबांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "मंग इतकं बरोबर कसं?"

या प्रश्नाला मी हसलो नाही. बरोबर कापलेली वस्तू दिसली की कापणारा शोधायचा, ही सवय त्यांची एकट्याची नव्हे. वाट मोडलेली दिसली की कुणी गेलं असणार, पान हललं की मागे कुणी असणार, असं धरून चालणारे आपले पूर्वज वाचले. जे "वारा असेल" म्हणाले त्यांतले काही वाघाच्या पोटात गेले. नसलेला कर्ता दिसणं हा त्या हुशारीचा खर्च आहे आणि तो अजून चालू आहे.

२४ मार्च

सकाळची शाळा. नववीला पुढच्या वर्षीच्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती'ची तोंडओळख करून देत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी, कोलामांच्या वस्तीवरून, पोडावरून येते, एरवी तोंड उघडत नाही. आज उठून म्हणाली, "सर, पयला हुशार मानूस कोन होता?"

वर्ग हसला. कुणीतरी आईन्स्टाईन म्हणालं, कुणी सरपंचाचं नाव घेतलं, त्यावर जास्त हसू. मी "सांगतो, पण आज नाही" असं म्हणून वेळ मारून नेली. ही वही आता त्या उत्तरासाठीच.

२६ मार्च

शाळेमागच्या नाल्याच्या काठाला पाण्याच्या पाइपासाठी चर खणला आहे. उकरलेल्या मातीत गारेचा एक तुकडा मिळाला. तपकिरी, अंगठ्याएवढा, एक कड इतकी धारदार की पोस्टकार्ड कापलं.

दगड फुटला की घडवला, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. मारणाऱ्याने ठोका दिला असेल तर ज्या जागी ठोका बसतो त्याच्या खाली चिप्पीच्या पोटाला फुगवटा येतो, आणि त्या फुगवट्यापासून पुढे लहरी पसरतात. ठोका देण्याआधी त्या जागेचा काठ घासून तयार केला असेल तर तेही दिसतं. चिप्पीच्या पाठीवर आधी निघालेल्या चिप्प्यांचे खळगे असतील, तेही एकाच दिशेने, तर संशय बळावतो. माझ्या तुकड्याला फुगवटा आहे. लहरी आहेत. पाठीवर एकच खळगा आहे. पण त्या चरातून जेसीबीही गेला आहे, आणि लोखंडी दातानेही गार अशीच फुटते. वहीत 'शंकास्पद' लिहिलं आणि आगपेटीत ठेवला.

मजा अशी, शिबल्याचे खांब कुणी घडवले नाहीत आणि घडवल्यासारखे दिसतात. जे खरोखर घडवलं ते रस्त्यात पडलं तर कुणी पायाने उडवून देईल. ३० मे १८६३ ला मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांनी जो दगड उचलला, तोही तसाच पडलेला होता. भारतात अश्मयुग होतं हे त्या दिवसापासून माहीत झालं. त्याच परिसरातल्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी खोदकाम केलं. तिथल्या हातकुऱ्हाडींचं वय १५ लाख वर्षांच्या आसपास निघालं. आपल्याकडे प्रवरेकाठी नेवासे, तिथलंच चिरकी, आणि शेजारी चंद्रपूरला पापामिया टेकडी. कर्नाटकात इसामपूरला तर डेक्कन कॉलेजच्या पद्दय्यांना दगडाची खाण आणि कारखाना एकाच जागी सापडला. चुनखडीच्या लाद्या उकरायच्या, तिथेच बसून फोडायच्या, तयार माल घेऊन जायचं. बारा लाखांहून जास्त वर्षं जुनं ते काम आहे.

चुनखडी म्हटलं की मुकुटबनचा रस्ता आठवतो. तिथे सिमेंटसाठी जी चुनखडी निघते ती पैनगंगेच्या खोऱ्यातल्या प्राचीन समुद्राची. प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधीचा गाळ. पलीकडे मार्की-मांगलीचा कोळसा, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुना. वर शिबल्याचा लाव्हा. आणि आपली जात, होमो सेपियन्स, फार तर तीन लाख वर्षांची. आपल्या तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावला तर काळ शिकवायला वेगळं चित्र लागत नाही.

२८ मार्च

लाइट गेली. शाळेत पंखा बंद, पोरं पेंगतात, मीही.

पेंगणाऱ्या डोक्याचा हिशेब: मेंदूचं वजन शरीराच्या शेकडा दोनच्या आसपास, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतला खर्च मात्र शेकडा वीस. गणित सोडवा नाहीतर झोपा, फार फरक पडत नाही. असला खादाड अवयव पोसायचा कसा? १९९५ मध्ये लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी मांडलं की आपलं आतडं आखूड झालं, त्यात वाचलं ते मेंदूला गेलं. आखूड आतड्याला पचायला सोपं अन्न लागतं. रिचर्ड रँगम म्हणतात, ते चुलीने दिलं. चुलीची तारीख मात्र अजून पक्की बसलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत दहा लाख वर्षांपूर्वीच्या आगीच्या खुणा आहेत, आणि मेंदू मोठा व्हायला त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात झाली होती. नंतर हर्मन पाँट्झर यांनी मोजून पाहिलं: अंगकाठीचा फरक वजा केला तरी माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी जास्त जाळतो. म्हणजे नुसती काटकसर नाही, मिळकतही वाढली. ही जास्तीची मिळकत कुणी आणली, हा खरा प्रश्न.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारून पोडावर गेलो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या आजीने बोलावलं होतं. पोहोचलो तेव्हा घरात कुणी नाही, सगळे मोहाखाली.

मोह रात्री गळतो. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत वेचायचा, नाहीतर फुलं करपतात आणि गुरं, अस्वलं आपला वाटा उचलतात. आजी वाकून दोन्ही हातांनी वेचत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसून वेचायला लागलो, थोड्या वेळात कंबर धरली. त्यांची टोपली भरली होती, माझ्या ओंजळीत पालापाचोळाच जास्त.

"गुरुजी, फूल पाहू नका. बोटानं पाहा," त्या म्हणाल्या.

एक नातू सोबत. पाच वर्षांचा असेल. वेचत काही नव्हता, पडलेली फुलं खात होता, मधेच रडत होता, मधेच मुंगळ्यामागे जात होता. आई दुसऱ्या झाडाखाली, तिच्या पाठीला बांधलेलं लहानगं. या पोराला खायला आजीने घरून भाकर आणली होती.

क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हादझा लोकांमध्ये नेमकं हेच मोजलं. नवं मूल अंगावर असलं की आईला कंद खणायला वेळ कमी पडतो, मोठ्या पोराचं पोट आजीच्या खणण्यावर चालतं. रानातल्या चिंपांझीच्या माद्या पिलं होण्याचं वय सरल्यावर क्वचितच फार जगतात. आपल्या बायका जगतात, आणि कामाच्या असतात. आजीमुळे आईला पुढचं मूल लवकर होऊ शकतं, आधीचं उपाशी मरत नाही, आणि त्याचं बालपण लांबवता येतं. लांब बालपण म्हणजे शिकायला वेळ.

आणि या वयात खर्च किती! २०१४ मध्ये ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू, शरीराच्या स्वस्थ अवस्थेतल्या खर्चाच्या सुमारे दोन तृतीयांश एवढी ऊर्जा घेतो. म्हणून त्या वयात अंगाची वाढ मंदावते, सगळं वर डोक्यात जातं. मुंगळ्यामागे धावणारं ते पोरगं घरातलं सर्वांत महाग इंजिन चालवत होतं, आणि त्याचं तेल आजीच्या टोपलीतून येत होतं.

आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मेंदूच्या उत्क्रांतीचं चित्र निघालं की भाला घेतलेला पुरुष निघतो. मला वाटतं त्या चित्रात पाठीला पोर, हातात खणायची काठी आणि पिकलेले केस जास्त शोभतील. शिकारीचं मांस मोठं खरं, पण ते रोज मिळत नाही.

मोहाची चार फुलं खिशात राहिली. घरभर वास.

१ एप्रिल

पोरांनी माझ्या खुर्चीवर 'एप्रिल फूल' चिकटवलं. दुसऱ्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे ओळखल्याशिवाय अशी फसवणूक जमत नाही. शिक्षा केली नाही.

२ एप्रिल

पोडावरच संध्याकाळ. मुलीचे आजोबा बांबूची टोपली विणत होते.

हिरवा बांबू कोयत्याने चिरतात, मग त्याच्या पट्ट्या, मग पट्टीच्या पोटातला गाभा सुरीने सोलून टाकतात. उरते ती पातळ कांब, दाताने धरून ओढली तरी तुटत नाही. बुडाची चौकट आधी, त्यानंतर गोल. एक पट्टी वर, एक खाली, पुढच्या फेरीत उलट. मोठा नातू, सातवीत आहे, शेजारी बसून विणत होता. तीन फेऱ्या त्याने केल्या. आजोबांनी टोपली त्याच्या हातून घेतली, तिन्ही फेऱ्या उसवल्या, टोपली परत दिली. शब्द नाही. पोराने पुन्हा सुरुवात केली. पहिली पट्टी घालताना आजोबांनी बोटाने एका जागी टेकवलं, बस. या वेळी फेरी बसली.

पश्चिम आफ्रिकेतल्या ताई जंगलात चिंपांझी दगडाने कठीण फळं फोडतात. हे कसब पूर्ण यायला पिलाला कित्येक वर्षं लागतात. आया जवळ असतात, दगड हाती लागू देतात, पण पिलाचा चुकलेला हात सुधारून देणं फारच क्वचित. पोर स्वतःच धडपडतं. इथे आजोबांनी उसवलं. स्वतःचा वेळ घालवून, दुसऱ्याची चूक कुठे आहे ते ओळखून, ती पुसून, त्यालाच पुन्हा करायला लावलं. यासाठी त्यांना नातवाच्या डोक्यात काय चाललंय ते कळावं लागतं. नातवालाही कळावं लागतं की हे बोट 'हे बघ' म्हणतंय.

डीट्रिच स्टाउट यांनी अमेरिकेत आजच्या माणसांना महिनोन्महिने हातकुऱ्हाडी घडवायला शिकवल्या आणि त्यांच्या मेंदूचे फोटो काढले. साधी चिप्पी पाडताना जे भाग चालतात, त्यापेक्षा हातकुऱ्हाडीला पुढचेही भाग लागतात. त्यांतले काही भाषेच्या कामात गुंतलेल्या भागांच्या शेजारचे किंवा तेच. म्हणजे हात आणि बोलणं यांनी एकमेकांना ओढलं असावं. यातून भाषा दगडातून जन्मली असं मी म्हणणार नाही, मेंदूच्या फोटोवरून इतकं वाचणं धाडसाचं आहे. पण आजोबांचं ते एक बोट मला पुरेसं वाटतं.

५ एप्रिल

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आज सापडलं, तेही तिच्या आजीकडे.

बोलता बोलता कडू कांद्याचा विषय निघाला. पावसाळ्यानंतर रानात मिळतो. तसाच खाल्ला तर ओकाऱ्या, जास्त खाल्ला तर जीव जायचा. आजींनी रीत सांगितली. कांदा पातळ चिरायचा, राख लावून उकळायचा, ते पाणी फेकायचं. मग टोपलीत भरून नाल्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी चाखायचा, जीभ चुरचुरली तर परत पाण्यात. मी विचारलं, "राख काहून लावता?"

"लावत्यात."

"पण काहून?"

"माही सासू लावे." आणि त्या उठून चुलीकडे गेल्या.

त्यांना कारण माहीत नाही आणि कारण माहीत असण्याची गरजही नाही. गरज आहे ती पायरी न गाळण्याची. १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियात बर्क आणि विल्स हे दोन शिकले-सवरलेले इंग्रजी वळणाचे प्रवासी कूपर क्रीकच्या काठी अडकले. तिथल्या यांद्रुवांधा लोकांकडून त्यांना नार्डू नावाच्या वनस्पतीची माहिती मिळाली होती. पोट भरून नार्डू खात राहिले आणि रोज खंगत गेले. नार्डूत जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकणारा घटक असतो. तिथल्या बायका भाजून, वाटून, भरपूर पाणी घालून जे करत, त्यातल्या पायऱ्या यांनी गाळल्या, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. दोघेही मेले. त्यांच्यातला तिसरा, जॉन किंग, यांद्रुवांधांनी सांभाळल्यामुळे वाचला. बंदूक, होकायंत्र, उत्तम मेंदू, सगळं बर्कजवळ होतं. सासू नव्हती.

जोसेफ हेन्रिक यांचं म्हणणं हेच. माणसाची ताकद एका डोक्यात मावत नाही. कडू कांद्याची रीत कुणी एकाने शोधली असती तर त्याला कित्येक वेळा विष खाऊन प्रत्येक वेळी नेमकं काय बदललं ते आठवावं लागलं असतं. तसं झालं नाही. कुणी उकळलं, कुणी चुकून राखेत पडलेला खाल्ला, कुणी नाल्यात विसरला, आणि पुढच्यांनी 'जिचं पोट बिघडत नाही' तिची नक्कल केली. मग ज्यांची पोरं चांगली नक्कल करायची, लक्ष धरून राहायची, कुणाची नक्कल करावी हे ओळखायची, ती तगली. मेंदूने संस्कृती केली, हे खरं. संस्कृतीनेही मेंदू केला, आणि हा भाग आपण शिकवत नाही.

म्हणजे पहिला हुशार माणूस कुणीच नव्हता. पहिली हुशार जोडी असेल. एक करणारी, दुसरी बघणारी.

८ एप्रिल

स्टाफरूममध्ये जुनं भिंतचित्र सापडलं, एका रांगेत चालणारे. डावीकडे वाकलेलं वानर, उजवीकडे ताठ गोरा पुरुष. मधे 'रामापिथेकस' लिहिलेलं आहे. रामापिथेकसला माणसाचा पूर्वज मानणं केव्हाच सुटलं, तो शिवापिथेकसमध्ये, म्हणजे ओरांगउटानच्या नात्यात गेला. चित्र मात्र भिंतीवरून उतरत नाही.

रांग खोटी आहे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेली होमो फ्लोरेसिएन्सिस, मेंदू सुमारे ४०० घनसेंटिमीटर, चिंपांझीएवढा, आणि त्यांच्या गुहेत दगडी हत्यारं. दक्षिण आफ्रिकेतला होमो नालेडी, मेंदू छोटाच, काळ मात्र सुमारे अडीच-तीन लाख वर्षांपूर्वीचा. युरोपातले निअँडरथल, मेंदू सरासरीने आपल्याहून जरा मोठाच. आणि आपल्या नर्मदेकाठी हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ ला भूवैज्ञानिक अरुण सोनाकिया यांना मिळालेली कवटी. तिच्या मेंदूच्या आकारमानाचा अंदाज ११५५ पासून १४२१ घनसेंटिमीटरपर्यंत. हे अंतर बघा. एकाच कवटीच्या अंदाजात इतका फरक, आणि आपण मेंदूच्या मापावरून हुशारीची रांग लावतो. ती कवटी कोणत्या जातीची यावरही एकमत नाही. होमो इरेक्टस म्हणावं की आणखी कुणी, वाद चालू आहे.

मापापेक्षा मला पाटणे जास्त पटतं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ. एस. ए. साळी यांना तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघोट्या ओढलेला कवचाचा तुकडा मिळाला, वय सुमारे २५,००० वर्षं. महाराष्ट्रात शहामृग होते, हे ऐकून वर्ग उडेल. मणी पोट भरत नाही. मणी दुसऱ्याने बघावा म्हणून असतो.

१० एप्रिल

आज राग आला, म्हणून थोडक्यात.

एक पाहुणे आले होते, कार्यक्रमात बोलले. म्हणाले, आपल्या भागात कोलाम म्हणजे आदिमानवाचं जिवंत संग्रहालय. समोर कोलाम पोरं बसली होती. महाराष्ट्रात कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून मोजल्या जातात. आधी सरकारी नावात 'आदिम' होतं, २००६ मध्ये केंद्राने बदललं, मराठी कागदावर आणि तोंडात अजून जुनंच चालतं. ते वाचून लोकांना खरंच वाटतं की ही माणसं मागे राहिली आहेत.

कोलामाचा मेंदू माझ्या मेंदूइतकाच नवा आहे. आजींच्या मागे जितक्या पिढ्या, तितक्याच माझ्या मागे. या पंधरवड्यात मी पोडावर जे पाहिलं ते अश्मयुग नव्हे, आजचं शहाणपण आहे. आजोबा टोपली विणताना मोबाइलची बॅटरी लावून बसतात आणि आजींना रेशनच्या मशीनवर अंगठा कसा ठेवला की उमटतो ते माहीत आहे. मी त्यांच्याकडे पाहतो आहे ते उत्क्रांतीचे अवशेष म्हणून नाही. शिकवणं, वाटून खाणं, नक्कल करणं हे माझ्याही घरी आहे, फक्त तिथे मला ते दिसत नाही.

भाषण संपल्यावर त्या मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही नाही.

१३ एप्रिल

रात्री डोंगराकडे वणवा. लाल ओळ हळूहळू सरकताना दिसत होती. मोहाखालचा पाला साफ करायला कुणी काडी लावतं, वारा सुटतो. वनखात्याची माणसं फांद्या घेऊन धावतात.

आग म्हटलं की चार वर्षांपूर्वीचा एप्रिल टाळता येत नाही. २०२१ च्या एप्रिलअखेर याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात गुहेत असलेली गाभण वाघीण मारली गेली. गुहेचं तोंड लाकूड-बांबूने बंद करून आग लावली, टोकदार हत्यारांनी भोसकलं, नखांसाठी पंजे कापून नेले. आग, भाला, एकमेकांना खुणा करून काम वाटून घेणं, जनावर पुढे काय करील याचा आधीच अंदाज: मी ज्या गोष्टींची यादी करत आलो त्या सगळ्या तिथे हजर होत्या. सहकार्य हा शब्द फळ्यावर लिहिताना मी नेहमी हसऱ्या चेहऱ्याने लिहितो. पुढच्या वेळी नुसता लिहीन.

१७ एप्रिल

वर्गात प्रयोग केला. २०१५ मध्ये टॉम मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी १८४ जणांना दगडाच्या चिप्प्या पाडायला लावल्या होत्या. काहींनी फक्त तयार चिप्प्या पाहिल्या, काहींनी घडवणारा पाहिला, काहींना खुणांनी शिकवलं, काहींना बोलून. एकाने शिकून पुढच्याला द्यायचं, अशा साखळ्या. नुसतं पाहून फारसं हाती लागलं नाही, शिकवल्यावर काम सुधारलं, आणि बोलून शिकवलं तेव्हा सर्वांत चांगलं.

गार फोडायला देणं शक्य नव्हतं, मुख्याध्यापकांनी आधीच डोळे वटारले होते. म्हणून पळसाच्या पानांचे द्रोण. चार गट केले. पहिल्या गटाला तयार द्रोण दाखवला. दुसऱ्यासमोर मी गप्प बसून एक केला. तिसऱ्याला खुणा. चौथ्याला बोलून. काड्या ज्वारीच्या, बारीक चिरलेल्या.

माझी अपेक्षा, पहिला गट सगळ्यात मागे. दहा मिनिटांनी पाहतो तर पहिल्या गटाचे द्रोण सर्वांत चांगले, पाणी घातलं तर एक थेंब गळेना. चौथ्या गटातली, म्हणजे ज्यांना मी तोंड दुखेपर्यंत समजावलं त्यांची, पानं टाक्यावरच फाटलेली.

चौकशी केली. पहिल्या गटात पोडावरची दोन पोरं होती. घरी लग्नकार्यात पत्रावळी तीच लावतात. त्यांनी कोलामीत भरभर सांगून बाकीच्यांना काडी कुठे खुपसायची ते दाखवलं होतं. काडी देठाच्या शिरेला समांतर न घालता आडवी घालायची, म्हणजे पान फाटत नाही. हे मला माहीत नव्हतं, मी शिरेतूनच घालत होतो, आणि माझ्या चारही गटांना माझाच टाका मिळाला होता.

"तुमाले बोलाचं नव्हतं," मी म्हणालो.

"तुमी मराठीत बोलू नका म्हनलं होतं सर," त्यातला एक म्हणाला.

प्रयोग बाद. वहीत निकाल म्हणून काय लिहावं यावर वर्गात भांडण झालं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं मत, पहिल्या गटाला बक्षीस द्यावं. चौथ्या गटाचं मत, त्यांनी कॉपी केली. शेवटी सगळ्यांनी पहिल्या गटाकडून आडवा टाका शिकून घेतला. परवा पोषण आहाराची खिचडी द्रोणात वाढायची असं ठरलं आहे. स्वयंपाकीणबाईंनी एका मुलाला किती द्रोण लागतील ते विचारून ठेवलंय, आणि पानं आणायला सकाळी सहाला नाल्याकाठी जायचं आहे.